चुनखडीत पाणी मुरतंय कुठे? कार्स्ट नदीचा हिशेब मांडताना या चुका टाळा

जर्मनीत इमेंडिंगेन गावापाशी डॅन्यूब नदी वर्षातले कित्येक दिवस चक्क गायब होते. पात्रात नुसते गोटे उरतात. १८७७ साली आडोल्फ क्नोप यांनी या गळतीच्या जागी मीठ आणि १० किलो फ्लुओरेसीन हा हिरवा रंग ओतला. सुमारे ६० तासांनी १२ किलोमीटरवरच्या आख झऱ्याचं पाणी हिरवंगार झालं. या झऱ्यातून निघणारी आख नदी पुढे कॉन्स्टन्स सरोवरामार्गे ऱ्हाईनला मिळते. म्हणजे काळ्या समुद्राकडे निघालेलं पाणी जमिनीखालून फितूर होऊन उत्तर समुद्राच्या वाटेला लागलेलं! चुनखडी पाण्यात विरघळून भेगा आणि भुयारं पडलेल्या अशा प्रदेशाला कार्स्ट म्हणतात.

नकाशावरच्या उंच रेषांवर विश्वास

आपली नजर बसाल्टावर, म्हणजे महाराष्ट्राच्या काळ्या कातळावर घडलेली. डोंगराची धार धरून रेघ ओढली की पाणलोट क्षेत्र तयार. चुनखडीत ही रेघ फसवते. लक्षण ओळखणं सोपं आहे: पडलेल्या पावसापेक्षा नदीतून जास्त पाणी वाहिलेलं दिसतं, किंवा निम्मा पाऊस कुठे गेला तेच कळत नाही. अशा वेळी बहुतेक जण बाष्पीभवनाचे आकडे मागेपुढे करून ताळा जमवतात. तो जमतोही, आणि तीच पंचाईत आहे. आधी रंग सोडून पाण्याची वाट शोधा, तीसुद्धा एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पुरात. भूजल चढलं की वरची कोरडी भुयारं वाहू लागतात आणि पाणी भलत्याच झऱ्याला जाऊ शकतं. पाऊस जितका टोकाचा, तितकी ही हद्द सरकण्याची शक्यता जास्त.

साध्या पावसावर बसवलेलं मॉडेल ढगफुटीला लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पावसावरून वाहून जाणारं पाणी काढायची इंग्लिस यांची सूत्रं सह्याद्रीच्या घाटांवरून आणि दख्खनच्या पठारावरून बसवलेली. ती चुनखडीत वापरू नयेत हे सांगायला लागू नये, पण लागतं. मुळात एका सूत्रात मावेल असा हा प्रकारच नाही. दुष्काळानंतरचा पहिला मोठा पाऊस वरच्या भेगाळ थरातच जिरतो आणि झरा ढिम्म हलत नाही. तोच पाऊस थर भरलेला असताना पडला तर काही तासांत लोंढा येतो.

त्याहून मोठा पाऊस झाला तर उलटंच घडतं. भुयाराची वाहून नेण्याची ताकद ठरलेली असते. ते तुंबलं की झऱ्याचा विसर्ग एका पातळीला अडतो आणि पाणी वरच्या खोऱ्यात साचतं. स्लोव्हेनियातलं त्सेर्क्नित्सा तळं असंच भरतं. ओल्या दिवसांत २० चौरस किलोमीटरहून मोठं होतं आणि कोरड्यात तिथे कुरण असतं. झऱ्यावरचा आलेख सपाट दिसला म्हणून ‘पूर नव्हता’ असं लिहू नका. वरच्या गावात विचारून या.

वार्षिक सरासरीवर भिस्त

चीनच्या क्वेइचौ प्रांतात बहुतेक ठिकाणी वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तरी २००९-१० मध्ये तिथे आणि शेजारच्या युन्नान-क्वांगशीत भीषण दुष्काळ पडला. कार्स्ट डोंगरांवर मातीचा थर पातळ, त्यामुळे ओल धरून ठेवायला फारसं काही नाही. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्के वाढते. त्यामुळे बेरीज तीच राहूनही पाऊस थोड्या दिवसांत कोसळू शकतो. असं पाणी भुयारातून निसटतं आणि फेब्रुवारीत झरा आटतो. म्हणून पावसाच्या दिवसांची संख्या आणि दोन पावसांमधली उघडीप वेगळी मोजा.

सगळं खापर हवामानावर

टेक्सासमधले कोमल झरे १९५६ साली काही महिने बंद पडले. दुष्काळ होताच, पण त्याच भूजलातून उपसाही चालू होता. क्वेइचौत उघड्या पडलेल्या डोंगरांवर झाडं लावली गेली, आणि झाडंही पाणी पितात. उपसा आणि जमिनीचा वापर वेगळा काढल्याशिवाय हवामानाचा वाटा सांगू नये.

महिन्यातून एकदा मोजणी

कार्स्ट झऱ्याचा पूर दोन फेऱ्यांच्या मधे येऊन जातो. पंधरा-पंधरा मिनिटांनी नोंद घेणारं यंत्र बसवा. पातळीबरोबर तापमान आणि विद्युतवाहकताही टिपा (पाण्यात विरघळलेले क्षार जितके जास्त, तितकी ती जास्त). नवं पावसाचं पाणी आलं की वाहकता घसरते. विसर्ग वाढला आणि वाहकता मात्र जागची हलली नाही, तर लगेच यंत्राला दोष देऊ नका. मागून नवं पाणी रेटत असतं आणि तोंडातून आधी जुनं बाहेर पडत असतं. काही तास थांबून पुन्हा बघा.