कंपाउंडने खरंच पीकेजीच अडवलं का, हे तपासायचं कसं

मलेरियाच्या पॅरासाइटच्या कल्चरमध्ये इनहिबिटर टाकला, दोन दिवसांनी पॅरासाइट कमी दिसले आणि लगेच लिहून मोकळं व्हायचं की आमचं कंपाउंड पीकेजी (पॅरासाइटचं एक किनेज, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) ब्लॉक करतं, असं बरेच जण करतात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण पॅरासाइट मरायला ढीगभर कारणं असू शकतात, नुसतं मेलं एवढ्यावरून टार्गेट कळत नाही.

आधी हे किनेज करतं काय ते डोक्यात पक्कं ठेवा. फाल्सिपॅरमचं (मलेरियाच्या पॅरासाइटची एक जात) लाल पेशीतलं चक्र साधारण 48 तासांचं, शेवटी शायझोंट (विभागणी होत असलेली अवस्था) पिकतो, आत मेरोझोइट्स (नव्या लाल पेशीत शिरणारी पिल्लं) तयार होतात, सीजीएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, त्याने पीकेजी जागं होतं आणि मग कॅल्शियम सुटतं, सब1 नावाचं प्रोटीएज (प्रथिनं कापणारं एन्झाइम) बाहेर पडतं, आधी व्हॅक्यूओलचं (लाल पेशीत पॅरासाइटभोवती असलेल्या पिशवीचं) आवरण फुटतं आणि मग लाल पेशीचं. म्हणजे पीकेजी अडलं असेल तर पॅरासाइट अगदी दारात येऊन थांबलेला दिसायला हवा. तुमच्या कंपाउंडने कोवळ्या रिंगच (लाल पेशीत शिरल्यानंतरची पहिली अवस्था) मरत असतील तर आधी दुसरीकडे शोधा.

आता प्रयोग. 5 टक्के सॉर्बिटॉलने रिंग्ज सिंक करा (सगळे पॅरासाइट एकाच वयाचे), पुढे परकॉलवर (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणारं द्रावण) पिकत आलेले शायझोंट गोळा करा आणि त्यांचे तीन भाग करा, एकात तुमचं कंपाउंड, एकात कंपाउंड 2 (पीकेजी अडवतं हे माहीत असलेला इनहिबिटर, 1 मायक्रोमोलर पुरतं), एकात तेवढंच नुसतं डीएमएसओ (कंपाउंड ज्यात विरघळवतात ते द्रावक). तिन्हीत ताज्या लाल पेशी घाला, 37 अंशाला ठेवा, तीन-चार तासांनी गिम्झाने रंगवलेली स्लाइड काढा. डीएमएसओमध्ये नव्या रिंग्ज आलेल्या असतील. कंपाउंड 2 मध्ये मात्र पेशी गच्च भरलेली, मधोमध तपकिरी पिगमेंटचा एक गोळा आणि त्याभोवती मेरोझोइट्सचे जांभळे ठिपके, प्रत्येक वेगळा मोजता येईल इतके स्वच्छ. हे एकदा नीट बघून ठेवा, मग कोवळा शायझोंट आणि अडवलेला शायझोंट यात गल्लत होत नाही.

मग वॉश. कंपाउंड 2 चा परिणाम उलटवता येतो म्हणून कोमट मीडियमने दोनदा धुवा (थंड मीडियम नको, सगळं मंदावतं) आणि लगेच मायक्रोस्कोपखाली ठेवा, अर्ध्या तासात शायझोंट फुटायला लागतात. फार वेळ अडवून ठेवलेत तर मेरोझोइट्स कमजोर होतात आणि फुटूनही नव्या पेशीत शिरत नाहीत, मग उगाच वाटतं की इन्व्हेजनच बंद केलं. ई64 या प्रोटीएज इनहिबिटरचा एक कंट्रोलही घ्या, त्यात व्हॅक्यूओल फुटतं पण लाल पेशीचं आवरण राहतं, मेरोझोइट्स आत सुटे पडलेले दिसतात. पीकेजी अडवल्यावर दोन्ही आवरणं शाबूत असतात.

पण एवढं सगळं जुळलं तरी पुरावा झाला असं नाही, कारण वाटेत पुढे सीडीपीके5 (कॅल्शियमने चालणारं दुसरं किनेज) अडलं तरी शायझोंट फुटत नाही. खरा पुरावा गेटकीपरचा, म्हणजे किनेजच्या खोबणीच्या तोंडाशी असलेल्या अमिनो आम्लाचा. पीकेजीत 618 नंबरला थ्रिओनिन आहे, लहान, त्याच्यामागच्या खोबणीत कंपाउंड 2 बसतं. तिथे मोठं ग्लुटामिन आणलेली टी618क्यू लाइन घेतली की ते बसत नाही, पॅरासाइट आरामात फुटतात. तुमचं कंपाउंड त्याच खोबणीत बसणारं असेल तर ते वाइल्ड टाइपमध्ये (म्युटेशन नसलेल्या लाइनमध्ये) अडवेल आणि म्युटंटमध्ये अडवणार नाही. दोन्हीत सारखंच मारत असेल तर मरण्याचं कारण पीकेजी आहे असं या प्रयोगावरून म्हणता येत नाही, एक तर टार्गेट दुसरं आहे नाहीतर ते पीकेजीला वेगळ्या जागी चिकटतंय. सीडीपीके1 आणि सीडीपीके4 चे गेटकीपरही लहानच आहेत, कंपाउंड त्या किनेजनाही अडवतंय का तेही तपासा.

झॅप्रिनास्ट मिळालं तर अजून छान, ते फॉस्फोडायएस्टरेज (सीजीएमपी मोडणारं एन्झाइम) अडवून सीजीएमपी वाढवतं आणि शायझोंट वेळेआधी फुटतात, तेही तुमच्या कंपाउंडने थांबतंय का बघा, अर्थात दोन्ही लाइन्समध्ये. आणि म्युटंटची व्हायल फ्रीजरमधून काढली की 618 ची जागा आधी सिक्वेन्स करून घ्या, लाइन्सची अदलाबदल झाली असेल तर ती तेव्हाच कळते.