दीड ते तीन वर्षांच्या मुलांचा दिनक्रम आखताना या चुका टाळा

कापूस वेचणीच्या दिवसांत गावातल्या बहुतेक आया सकाळी सातच्या आत वावरात निघतात आणि त्यांची दीड ते तीन वर्षांची लेकरे आमच्या वर्गात येतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात हा वर्ग मी चालवते. सोबत एक मदतनीस आहे आणि पटावर साधारण अठरा मुले असतात. पहिल्या वर्षी आमच्याकडे रोज सव्वाअकराच्या सुमारास एखादे मूल दुसऱ्याला चावत असे. चावणारे मूल दर वेळी वेगळे असे, वेळ मात्र तीच. आम्ही मुलांना समजावले, रागावलो, पालकांशी बोललो, पण फरक पडला नाही. शेवटी मी एक साधी वही केली आणि आठवडाभर प्रत्येक रडणे, ढकलणे, चावणे किती वाजता झाले आणि त्याआधीची दहा मिनिटे आम्ही मोठी माणसे काय करत होतो, एवढेच लिहीत गेले. सहाव्या दिवशी वही वाचली तेव्हा कारण सरळ दिसले. जेवणाआधी हात धुण्याची रांग सव्वाअकराला लागत होती, बादली एक होती, तांब्या एक होता आणि शेवटच्या मुलाची पाळी येईपर्यंत पंधरा मिनिटे जात होती.

दोन वर्षांचे मूल भुकेल्या पोटी, पुढच्याच्या पाठीला चिकटून, हाताला काही काम नसताना पंधरा मिनिटे उभे राहू शकत नाही. आम्ही रांगच बंद केली. गोष्ट चालू असतानाच मदतनीस ताई चार-चार मुलांना उठवून नेऊ लागल्या, दोन पसरट घमेली आणि दोन तांबे ठेवले, आणि हात धुऊन आलेले मूल थेट ताटावर बसू लागले. या वयात मुले अधूनमधून चावतातच, त्यामुळे चावणे कायमचे संपले असे मी म्हणणार नाही. पण सव्वाअकराचे चावणे त्याच आठवड्यात थांबले. तेव्हापासून कोणत्याही नव्या सेविकेला मी हेच सांगते की, वर्गात एकाच वेळी, एकाच जागी वारंवार गोंधळ होत असेल, तर मुलांकडे बोट दाखवण्याआधी त्या वेळेच्या आधीचा अर्धा तास तपासावा.

मोठ्या शाळेचे वेळापत्रक उचलून आणणे

सर्वात जास्त दिसणारी चूक ही आहे. भिंतीवर तास, विषय आणि घंटा यांचा तक्ता लागतो : प्रार्थना, गाणी, अंक, चित्रे, खेळ, प्रत्येकाला अर्धा तास. आमच्या अनुभवात या वयाचे मूल गोलात पाच-सात मिनिटे रमते, फार झाले तर दहा. त्यानंतर ते उठून चालू लागते आणि तसे उठणे हा खोडकरपणा नसतो. उलट तेच मूल वाळूत डबा भरून रिकामा करण्यात अर्धा तास सहज घालवते, कारण तिथे त्याचे हात चालतात आणि ते काम त्याने स्वतः निवडलेले असते. म्हणून बसण्याच्या गोष्टी आखूड आणि हाताच्या, पायांच्या गोष्टी लांब ठेवाव्यात.

यात एक अडचण आपल्याकडे आणखी येते. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अंगणवाडीतले पूर्वशालेय शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि तीन वर्षांखालील मुलांसाठी आहार घरी नेण्यासाठी दिला जातो. प्रत्यक्षात मात्र पाच वर्षांच्या ताईचे बोट धरून दोन वर्षांचा भाऊही येतो, कारण घरी त्याला सांभाळायला कोणी नसते. अशा वेळी मोठ्यांच्या दिनक्रमात त्याला कसेबसे बसवू नये. मोठी मुले गोष्ट ऐकत असतील तेव्हा त्याच खोलीच्या कोपऱ्यात लहानग्यांसाठी झाकणे, वाट्या आणि मण्यांऐवजी मुठीत न मावणारे ठोकळे असा वेगळा पसारा मांडून ठेवावा. तोंडात जाणारी लहान वस्तू त्या कोपऱ्यात अजिबात नसावी.

घड्याळ सांभाळणे आणि क्रम मोडणे

लहान मुलाला पावणेदहा कळत नाहीत, पण नाश्त्यानंतर अंगणात जायचे असते हे पंधरा दिवसांत पक्के कळते. दिनक्रमाचा सगळा आधार या क्रमावर असतो. एखाद्या दिवशी नाश्ता वीस मिनिटे उशिरा झाला तरी चालते, मात्र उशीर झाला म्हणून अंगण वगळून थेट गोष्टीला बसवले की दिवसभर किरकिर चालते. नव्या सेविका बहुधा नेमके उलटे करतात : वेळ गाठण्यासाठी मधला टप्पा गाळतात. वेळ कमी पडली तर टप्पा आखूड करावा, पण गाळू नये.

सकाळच्या येण्याला तर घड्याळ लावूच नये. कोणी साडेसहाला येते, कोणी पावणेनऊला; निंदणाच्या आणि वेचणीच्या दिवसांत हे अंतर आणखी वाढते. तेवढा सगळा वेळ मुक्त खेळाचा ठेवला की उशिरा आलेल्या मुलाला चालू तासात घुसावे लागत नाही. आपल्या भाषेत याची मोठी परंपरा आहे. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात अंगणात बालवाडी भरवली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलाचे घर, त्याची जागा आणि त्याचा रिकामा वेळ पाहून शाळा तिकडे नेली. आपल्या वर्गाची वेळही गावातल्या शेतीच्या कामावरून ठरली तर त्यात कमीपणा काहीच नाही.

आमचा दिवस आज असा जातो : साडेसहापासून पावणेनऊपर्यंत मुले येत राहतात आणि खेळतात, मग नाश्ता, त्यानंतर तासभर अंगण, दहा मिनिटांची गाणी, वाळू-पाणी-कणकेचा गोळा यांपैकी एक काम, गोष्ट आणि तिच्यातूनच हात धुणे, साडेअकराला जेवण, सव्वाबारा ते दोन झोप, उठल्यावर पाणी आणि खाऊ, आणि आई येईपर्यंत पुन्हा मुक्त खेळ. यातले सहा टप्पे आम्ही पुठ्ठ्यावर चित्रांनी दाखवले आहेत आणि तो पुठ्ठा मुलांच्या छातीच्या उंचीवर बांधला आहे. टप्पा बदलला की एक मूल जाऊन त्या चित्राला कपड्याचा चिमटा लावते. हा चिमटा लावण्यासाठी मुलांची जी धडपड चालते ती पाहिली की, पुढे काय होणार हे माहीत असण्याचा या वयात किती मोठा धीर असतो ते लक्षात येते.

दोन कामांमधला सांधा मोकळा सोडणे

हात धुण्याच्या रांगेचे वर सांगितलेच. खेळातून जेवणाकडे, अंगणातून खोलीकडे, झोपेतून जागेपणाकडे जाताना जो सांधा असतो, तिथेच दिवस उसवतो. बहुतेक तक्त्यांमध्ये या सांध्याला जागाच नसते; दहा वाजता खेळ संपतो आणि दहा वाजताच गाणी सुरू होतात, जणू अठरा मुले चप्पल शोधून, नाक पुसून, सू करून क्षणात हजर होणार आहेत. तक्त्यात प्रत्येक सांध्याला पाच ते दहा मिनिटे लिहूनच ठेवावीत.

याशिवाय दोन गोष्टींनी आम्हाला फार मदत झाली. पहिली अशी की, खेळ अचानक तोडायचा नाही. “अजून एकदा डबा भर, मग आपण आत जाऊ,” असे जवळ बसून, नाव घेऊन सांगायचे. दारातून ओरडायचे नाही. दुसरी अशी की, प्रत्येक सांध्याला एकच ठरलेले गाणे असावे आणि ते वर्षभर बदलू नये. आवरण्याचे गाणे सुरू झाले की आमच्याकडची पावणेदोन वर्षांची मुलगी, जिला अजून बोलताही येत नव्हते, ती हातातले झाकण टोपलीत टाकून टाळ्या वाजवायची. मुले कंटाळली असे वाटून आम्ही एकदा गाणे बदलले आणि तीन दिवस कोणी आवरले नाही. कंटाळलो आम्ही होतो. आत-बाहेर जाताना एक मोठे माणूस पुढे आणि दुसरे मागे असावे. दोघीही पुढे चालल्या की मागे राहिलेले मूल विहिरीकडे किंवा रस्त्याकडे जाऊ शकते, म्हणून बाहेर पडताना आणि आत आल्यावर डोकी मोजल्याशिवाय पुढचे काम सुरू करू नये.

भूक आणि झोप उशिरा ठेवणे

मोठी माणसे एकला जेवतात म्हणून मुलांचे ताट एकला वाढणे ही चूक मीही केली आहे. पहाटे पाचला आईबरोबर उठलेले मूल साडेअकराला भुकेने आणि साडेबाराला झोपेने हैराण झालेले असते. बारानंतर रडणाऱ्या मुलाला खेळणी देऊन गप्प करण्यात काही अर्थ नसतो. त्याचे जेवण अर्ध्या तासाने अलीकडे आणावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसा-रात्रीची मिळून 11 ते 14 तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप हवी. ज्या घरात रात्री दहापर्यंत टीव्ही चालतो आणि पहाटे पाचला चूल पेटते, तिथे ही भरपाई दुपारच्या झोपेतूनच होते, म्हणून ती कार्यक्रमासाठी किंवा पाहुण्यांसाठी कधीही कापू नये.

झोपेची जागा रोज तीच असावी. आम्ही प्रत्येकाच्या घरून आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा मागून घेतला आहे. तो वास ओळखीचा असल्याने नवीन मूलही लवकर शांत होते. एखादे मूल झोपतच नसेल तर त्याला दाबून ठेवू नये. वीस मिनिटे आडवे राहून झाले की त्याला ओट्यावर शांत खेळ द्यावा.

आईने लपून निघून जाणे

“बाई, हा खेळते तवर मी चालली,” असे म्हणून आई मागच्या दाराने जाते आणि तिचा हेतू चांगलाच असतो. पण वळून पाहिल्यावर माय दिसली नाही की मूल पुढचे चार दिवस खेळतच नाही, कारण खेळात रमलो तर माय जाते एवढेच ते शिकते. निरोपाचाही दिनक्रम ठरवावा : पायरीवर पापा, हात हलवणे, “संध्याकाई येतो,” एवढे सांगणे आणि लगेच निघणे. रडू येईल, ते येऊ द्यावे, आणि त्या वेळी मुलाला कडेवर घेणारे माणूस रोज एकच असावे.

ऋतू न पाहणे

वर्षभराचा एकच तक्ता विदर्भात चालत नाही. मे महिन्यात चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि याच उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. पत्र्याच्या छताखालची खोली तर अकरालाच भट्टी होते. मार्चपासून अंगणाचा तास नाश्त्याच्या आधी, साडेआठच्या आत घ्यावा, आणि पाण्याला तक्त्यात स्वतंत्र जागा द्यावी, कारण दोन वर्षांचे मूल खेळात असताना तहान लागली असे सांगत नाही. थंडीत हेच उलटे करून ऊन अंगणात उतरल्यावर बाहेर जावे. पावसाळ्यात अंगण बुडाले तरी धावणे बुडू नये. ओट्यावर गोणपाट अंथरून उड्या मारता येतात.

सू-शीची घंटा

सगळ्या मुलांना एकाच वेळी नेऊन बसवू नये. उठल्यावर, जेवणानंतर आणि बाहेर जाण्याआधी विचारावे, बाकी वेळी मूल सांगेल तेव्हा न्यावे. चड्डी ओली झाली तर इतरांसमोर बोलू नये, दुसरी घालावी. प्रत्येकाच्या पिशवीत दोन जास्तीच्या चड्ड्या असाव्यात.

नोंदी मुलांच्या वेळेत भरणे

सकाळी नऊ ते अकरा मुले सर्वात तरतरीत असतात आणि नेमक्या त्याच वेळी सेविका मोबाइलवर पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचे सरकारी ॲप आणि रजिस्टर घेऊन बसते. काम टाळता येत नाही हे खरे आहे, पण त्याची जागा बदलता येते. हजेरी नाश्त्याच्या वेळी आणि बाकी लिखाण मुले झोपल्यावर, असे आम्ही दोघींनी आळीपाळीने वाटून घेतले. एक लिहिते तेव्हा दुसरीची नजर झोपलेल्या मुलांवरून हटत नाही.

दर आठवड्याला तक्ता बदलणे

नवीन दिनक्रम लावल्यावर पहिले चार-पाच दिवस वाईटच जातात. तिसऱ्या दिवशी घाबरून तो बदलणे ही चूक फार महाग पडते. एका वेळी एकच बदल करावा, तो निदान दोन आठवडे टिकवावा आणि वहीत पाहावे. दोन आठवड्यांनीही गोंधळ त्याच वेळी होत असेल तर टप्प्यांचा क्रम चुकला आहे असे समजावे. गोंधळाची वेळ पुढे सरकली असेल तर क्रम बरोबर आहे, फक्त एखादा टप्पा लांबला आहे. एकाच मुलाला रोज त्रास होत असेल आणि बाकीची निवांत असतील, तर तक्त्याला हात न लावता त्याच्या आईला रात्रीची झोप, ताप, कान दुखणे, घरातले नवे बाळ यांबद्दल विचारावे.

पोळा, तान्हा पोळा आणि दिवाळीनंतर मुले परत येतात तेव्हा क्रम अर्धा विसरलेला असतो. त्यानंतरचे तीन दिवस आम्ही नवे काहीही आणत नाही. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी मुलांनी आणलेच तर ते मुक्त खेळात राहतात, गाणी जुनीच म्हणतो, गोष्ट तीच सांगतो, जेवण पंधरा मिनिटे अलीकडे घेतो, आणि चौथ्या दिवसापासून पुन्हा नेहमीच्या वेळा धरतो.