वळवाच्या दिवसांत मांडव घालताय? या चुका टाळा

एप्रिल-मे हा लग्नांचा मोसम आणि वळवाचाही. दिवसभर अंगाची काहिली होते, चारनंतर आभाळ भरून येतं आणि नेमका गोरज मुहूर्ताच्या सुमारास वारा सुटतो. यजमानांना धास्ती पावसाची असते: पंगत भिजेल, गाद्या भिजतील, डीजेवाला बोंब मारेल. पण मांडव पडतो तो बहुतेक वेळा वाऱ्याने. बंदोबस्त मात्र सगळा पावसाचा केलेला असतो.

आभाळ काळवंडलं की पहिली हाक येते, ‘कनाती सोडा रे खाली!’ सगळ्यांत महागात पडते ती हीच. तीन बाजू बंद आणि वाऱ्याकडची उघडी राहिली की आत शिरलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि तो छताला खालून उचलतो. बरं, वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 30 किलोमीटरचा वारा 60 झाला तर मांडवावरचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. त्यामुळे ‘मगाशी एवढं वारं झेललं की’ या दिलाशाला काही अर्थ नाही. बांबूचा किंवा पाइपचा साधा मांडव असेल तर कनाती गुंडाळून वर बांधा, निदान समोरासमोरच्या दोन बाजू मोकळ्या करा. चार पाहुणे भिजतील, भिजू देत. जर्मन हँगरसारख्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यावरच्या मोठ्या तंबूच्या उभारणीचं गणित वेगळं असतं. तिथे बाजू बंद ठेवायच्या की उघड्या आणि किती वाऱ्यापर्यंत आत थांबायचं, हे उभारणाऱ्याला आधीच विचारून घ्या.

स्वागत कमान आणि मोठे फ्लेक्स मात्र ढग दिसताच उतरवा. 13 मे 2024 ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून 17 जण गेले, ते अशाच मे महिन्यातल्या वादळात.

आता खुंट्या. दुपारी कोरड्या काळ्या मातीत ठोकलेली खुंटी हलवूनही हलत नाही, म्हणून सगळे निर्धास्त. तीच माती भिजली की लोण्यासारखी होते आणि खुंटी दोरीसकट वर येते. खुंटी लांब हवी, तिचं डोकं मांडवापासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं आणि कोपऱ्यांवर एकामागे एक अशा दोन हव्यात. पेव्हर ब्लॉकवर किंवा कोकणात जांभ्यावर खुंटी जातच नाही, मग पाण्याची पिंपं लावतात. 200 लिटरचं पिंप भरलं तरच त्याचं वजन 200 किलो. अर्ध्या पिंपाला दोरी बांधणं म्हणजे नुसता देखावा. दोरी पिंपाच्या तळाशी बांधा, गळ्याशी बांधली तर ते आडवं होतं. विजेच्या खांबाला, शेजारच्या कंपाउंडला किंवा पाहुण्यांच्या गाडीला ताण देऊ नका. नायलॉनची दोरी भिजली की सैल पडते, म्हणून सर येऊन गेली की फेरी मारून प्रत्येक ताण हाताने दाबून बघायचा.

पावसाचंही ऐकाच. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला 1 लिटर पाणी. 40 बाय 60 फुटांच्या मांडवावर 25 मिलिमीटरची एक सर पडली की साडेपाच हजार लिटर, म्हणजे साडेपाच टन पाणी येतं. उतार असला तर ते निथळून जातं. छत सपाट असलं तर ताडपत्रीला झोळ पडतो, झोळात पाणी साचतं, वजनाने झोळ आणखी खोल जातो. मग कोणीतरी खाली उभं राहून बांबूने ढोसतं. ताडपत्री फाटते आणि शेकडो लिटर पाणी त्याच्याच डोक्यावर येतं. झोळ लहान असतानाच, टोकाला गोणपाट गुंडाळलेल्या बांबूने, बाजूला उभं राहून पाणी कडेकडे ढकला आणि ताण पुन्हा कसा. मोठा झोळ भरलाच असेल तर त्याखालची माणसं आधी हलवा. छताखाली लावलेलं शोभेचं कापड पाणी पिऊन जड होतं, तेही विसरू नका.

झाडाखाली सावली असते म्हणून मांडव तिथे घालण्याचा मोह होतो. एप्रिल 2023 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या पारसला वादळी पावसात कडुनिंबाचं झाड पत्र्याच्या शेडवर पडलं, तिच्या आडोशाला थांबलेले सात जण दगावले.

विजेचं काम तर मांडववाला, लाइटवाला आणि डीजेवाला एकमेकांवर ढकलतात. जून 2019 मध्ये राजस्थानात बाडमेरजवळ जसोलला कथेचा मंडप वादळात कोसळला, 14 जण गेले. त्यात विजेचा धक्काही होता. लोखंडी पाइपवर वायर गुंडाळू नका, जोड जमिनीवर ठेवू नका, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवायला सांगा आणि मेन स्विच कोण पाडणार तो माणूस ठरवा. आचाऱ्यालाही सांगून ठेवा: वारा सुटला की भट्टी विझवायची, सिलिंडर बंद करायचा.

सकाळी मोबाइलवर अंदाज बघितला, ऊन दिसलं, विषय संपला असं वळवाच्या दिवसांत चालत नाही. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा दुपारपासून बघत राहा आणि विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप ठेवा. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. मांडव विजेपासून वाचवत नाही. शाळा, पक्कं घर किंवा काचा बंद केलेली गाडी वाचवते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत यायचं नाही.

झाडाच्या मोठ्या फांद्या हलू लागल्या, छत्री धरणं जड जाऊ लागलं, म्हणजे वारा ताशी 40 ते 50 किलोमीटरचा झाला. साधा मांडव तेव्हाच रिकामा करायचा. हा शब्द टाकणारा माणूस आदल्या दिवशी ठरवा आणि तो वधूपिता नको. त्यांना त्या घटकेला मुहूर्ताशिवाय काही सुचत नसतं. मामा किंवा थोरला दीर बरा, आणि भटजींनाही आधी कल्पना द्या. मांडववाल्याशी बोलताना वाटाघाटी फुलांच्या माळांवर करा, पण कार्य उरकेपर्यंत त्याची दोन माणसं हातोडा आणि जादा दोऱ्या घेऊन तिथेच थांबतील, हे पैसे ठरवतानाच कबूल करून घ्या.