तोच वेबहुक दुसऱ्यांदा आला तर?

ऑटोमेशनमध्ये नव्यानं येणारे हमखास विचारतात, झॅपियर शिकू, एन-एट-एन, पॉवर ऑटोमेट की सरळ पायथन? माझ्या मते कुठलंही एक उचला. एकावर हात बसला की दुसरं जमतंच. टूलची सर्टिफिकेटं गोळा करण्यात तर अजिबात वेळ घालवू नका. गिट, एपीआय, जेसॉन आणि कामापुरतं एसक्यूएल येतं असं मी धरून चालतो.

मला ज्यानं रडवलं ते कुठल्याच कोर्समध्ये नव्हतं: रिट्राय, म्हणजे उत्तर आलं नाही म्हणून तोच मेसेज पुन्हा पाठवणं.

ऑर्डर आली की वेबहुक (दुसऱ्या सिस्टिमनं आपणहून पाठवलेला मेसेज) येतो, फ्लो, म्हणजे आपली ऑटोमेशनची साखळी, बिल बनवतो, ग्राहकाला मेल जातो. टेस्टिंगमध्ये सगळं झकास. मग प्रॉडक्शनमध्ये एक दिवस डेटाबेस मंदावतो. बिल तयार होतं, पण आपलं उत्तर वेळेत पोचत नाही. पाठवणारा टाइमआउट धरतो आणि तोच मेसेज पुन्हा पाठवतो. फ्लो इमानदारीत दुसरं बिल बनवतो. लॉगमध्ये एकही एरर नाही, दोन्ही रन हिरवेगार! आमच्याकडे अकाउंट्सवाले ओरडत आले तेव्हा कुठे कळलं, आणि त्यानंतरही मी बिलाच्या कोडमध्येच बग शोधत बसलो होतो.

टाइमआउटचा अर्थ ‘काम झालं की नाही ते कळलं नाही’ एवढाच. म्हणून बहुतेक वेबहुक सेवा, किंवा ॲमेझॉनच्या एसक्यूएस या मेसेज-रांगेच्या सेवेतली स्टँडर्ड रांग, मेसेज ‘किमान एकदा’ पोचवण्याचीच हमी देतात. डुप्लिकेट येणार हे गृहीतच धरायचं.

उपाय साधा वाटतो. इव्हेंटचा आयडी एका टेबलात ठेवा, आधीच असेल तर काम सोडून द्या. पण इथेच खरी मेख आहे. ‘आधी सिलेक्ट, नसेल तर इन्सर्ट’ असं लिहू नका. दोन प्रती एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही टेबल रिकामंच दिसतं. कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट लावा, म्हणजे तोच आयडी दुसऱ्यांदा डेटाबेसच घेणार नाही; पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये 9.5 आवृत्तीपासून, म्हणजे 2016 पासून, अशी दुसरी नोंद एरर न देता सोडून द्यायला ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ आहे. आयडीची नोंद आणि बिल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हवं, म्हणजे होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. नाहीतर नोंद होते, बिल फसतं, आणि रिट्राय आला की ‘हे झालंय’ म्हणून फेकला जातो. मग ते बिल कधीच बनत नाही.

बाहेरच्या सेवेला कॉल करताना ट्रान्झॅक्शन कामाला येत नाही. तिथे आयडेम्पोटन्सी की पाठवायची, म्हणजे ‘ही तीच विनंती आहे’ हे समोरच्याला ओळखू देणारा आयडी; स्ट्राइप ही पेमेंट सेवा ती हेडरमध्ये घेते. ती पहिल्या प्रयत्नाआधी बनवून साठवा. रिट्रायच्या लूपमध्ये दरवेळी नवा यूयूआयडी (यादृच्छिक आयडी) बनवून की बदलणारा कोड मी इतक्यांदा पाहिलाय की काय सांगू. एआयनं लिहून दिलेल्या कोडमध्येही हे तपासाच. दुसऱ्यांदा काय होईल हे तो आपणहून क्वचितच सांगतो, असा माझा तरी अनुभव.

पैसे हलवणारा फ्लो हे न करता लाइव्ह करणार असाल, तर करू नका. बस.

घाबरूही नका मात्र. पहिल्या वर्षात हे कुणाच्याच डोक्यात पूर्ण बसत नाही, आणि मेल दोनदा गेला म्हणून आभाळ कोसळत नाही. ‘चालतंय ना, मग हात लावू नकोस’ म्हणणाऱ्या गोड सिनियरपासून जरा लांब राहा. पुल रिक्वेस्टवर फक्त ‘हे दोनदा चाललं तर?’ लिहिणारा खडूस परवडला. टेस्टिंगमध्ये तोच पेलोड (मेसेजमधला मजकूर) दोनदा पाठवा, एकदा पाठोपाठ आणि एकदा एकाच वेळी.

आधीपासून चालू असलेल्या फ्लोवर एक क्वेरी मारा: ऑर्डर क्रमांकावर ग्रुप बाय, हॅविंग काउंट एकपेक्षा जास्त. ओळी दिसल्या तर लगेच डिलीट करायला धावू नका. ग्राहकाच्या हातात गेलेलं बिल डेटाबेसमधून पुसून चालत नाही, ते अकाउंट्सला विचारून रीतसर रद्द करावं लागतं.