नवद्वीपला गेलात तर गावात फिरायचं कसं

नवद्वीप हे पश्चिम बंगालमधलं गाव, कोलकात्याशेजारच्या हावड्याहून काटवा लोकल पकडा आणि नवद्वीप धामला उतरा, साधारण अडीच तास लागतात, सकाळची गाडी घेतलीत तर बरं, कारण दुपारी बरीच दुकानं आणि देवळं बंद असतात आणि गाव मस्त झोपलेलं असतं. स्टेशनबाहेर टोटो उभे असतात, म्हणजे आपली ई-रिक्षा. बसायच्या आधी भाडं विचारा, आणि एकटं बसायचं की शेअरिंगमध्ये तेही आधीच ठरवा, नाहीतर उतरताना उगाच वाद. ड्रायव्हरला 'दादा' म्हणा, बाईंना 'दिदी', हिंदी बऱ्यापैकी चालून जातं.

पोडामातला म्हटलं की गावाच्या मध्यात सोडतात, तिथून गल्ल्या पायी फिरा. वैष्णव संत चैतन्य महाप्रभूंचा जन्म इथला, 1486 चा, त्यामुळे मठ-मंदिरं भरपूर. पण पत्ता विचारायचा तर पाड्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, क्लबसमोर कॅरम खेळणाऱ्या पोरांना विचारा, खेळ थांबवून नीट सांगतात, कधी दोघं दोन वेगळे रस्ते सांगतात तो भाग निराळा.

नदीपलीकडच्या मायापूरला जायचं तर घाटावर तिकीट काढून बोट घ्या, सुट्टे पैसे हातात ठेवा. बोटीत सायकली, मोटरसायकली, भाजीच्या टोपल्या सगळं एकत्र चढतं, आधी उतरणाऱ्यांना जागा द्या. शेवटची बोट किती वाजता ते जातानाच विचारून घ्या.

तब्येत बिघडली तर गावात सरकारी हॉस्पिटल आहे, टोटोवाल्याला नुसतं 'हाशपाताल' म्हणा. रास पौर्णिमेला, म्हणजे कार्तिक पौर्णिमेला मात्र राहायची सोय आधी करूनच या, प्रचंड गर्दी. आणि हो, लाल दोई, म्हणजे इथलं लालसर गोड दही, खाल्ल्याशिवाय निघू नका.