भटकंतीच्या गाडीसाठी टपावरचे कॅरिअर: कमी खर्चात, पण वजन मोजून

टपावर कॅरिअर बसवायचे ठरले की बहुतेक जण आधी दुकानात जाऊन भाव विचारतात. त्याआधी गाडीचे मॅन्युअल उघडावे. टपावर जास्तीत जास्त किती किलो भार चालतो हा आकडा त्यात दिलेला असतो, लहान गाड्यांमध्ये तो वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो, आणि कॅरिअरचे स्वतःचे वजनही त्याच आकड्यातून वजा होते. समजा मर्यादा 30 किलो आहे आणि कारागिराकडून करून घेतलेले लोखंडी कॅरिअरच 25 किलोचे भरले, तर सामानासाठी पाच किलो उरतात. म्हणजे एक तंबू ठेवला की टप भरला. स्वस्त कॅरिअर शोधताना बहुतेक वेळा जड कॅरिअर पदरी पडते, आणि त्या वजनाची किंमत पुढे प्रत्येक प्रवासात डिझेल-पेट्रोलमध्ये मोजावी लागते.

मॅन्युअलमधला आकडा चालत्या गाडीसाठी असतो. उभ्या गाडीचा टप त्याहून कितीतरी जास्त भार पेलतो, म्हणूनच टपावरच्या तंबूत दोन माणसे झोपू शकतात. पण तो तंबू मिटवून गाडी चालू लागली की पुन्हा चालत्या गाडीची मर्यादाच लागू होते. नाणेघाटाकडच्या दगडी वाटेवर किंवा पावसाने उखडलेल्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्यात त्याच सामानाचा मार काही पटींनी वाढतो. त्यामुळे काही कॅरिअर कंपन्या खडबडीत वाटेसाठी आपल्या कॅरिअरची मर्यादा दीडने भागायला सांगतात. 50 किलोची मर्यादा तिथे 33 किलोची धरावी. गाडीच्या मर्यादेलाही हाच हिशेब लावणे शहाणपणाचे आहे.

टपावर हलके पण जागा खाणारे सामान ठेवावे: तंबू, गाद्या, ताडपत्री, घडीच्या खुर्च्या, फावडे, चिखलातून गाडी काढायच्या फळ्या. पाण्याचा 20 लिटरचा कॅन 20 किलोंहून जास्त भरतो, आणि तेवढेच डिझेलही कॅन धरून 18 किलोंच्या आसपास जाते. असे जड सामान गाडीत, जमिनीलगत आणि मागच्या सीटला टेकून असावे, कारण टपावर वजन चढले की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि आडव्या उतारावर गाडी कलण्याची शक्यता वाढते. पेट्रोल तर टपावर उन्हात ठेवूच नये. स्टेपनी मागच्या दारावर असेल तर ती फक्त रुबाबासाठी वर चढवण्यात काहीच अर्थ नाही.

आता टपाची रचना पाहावी, कारण कोणते कॅरिअर बसेल हे त्यावरच ठरते. जुनी जिप्सी, बोलेरो, जिम्नी यांसारख्या गाड्यांच्या टपाच्या दोन्ही कडांना पत्र्याची पन्हळ असते. स्वस्त आणि भक्कम कॅरिअरसाठी याहून सोयीची रचना नाही, कारण पन्हळीला पकडणारे पाय साध्या पट्टीपासून बनतात, कुठेही भोक पाडावे लागत नाही आणि पायांची संख्या वाढवून भार हवा तसा विभागता येतो. पन्हळ नसून लांब रेल, म्हणजे टपाच्या लांबीने जाणाऱ्या दांड्या असतील, तर त्या भार घेणाऱ्या आहेत की नुसत्या शोभेच्या, हे मॅन्युअलमध्ये तपासावे. पुष्कळ गाड्यांच्या रेल केवळ दिसण्यासाठी असतात आणि बाहेरून पाहून फरक कळत नाही. पन्हळही नाही आणि रेलही नाही अशा गाडीला दाराच्या चौकटीत अडकणारे पाय लागतात. ते गाडीच्या मापाचेच घ्यावे लागतात, त्यामुळे तिथे काटकसरीला फारसा वाव नाही. कापडी टप असलेल्या गाडीला कॅरिअर हवे असेल, तर भार टपावर न टाकता थेट बॉडीवर नेणारा बाहेरचा सांगाडा करावा लागतो. त्याचे वजन आणि खर्च पाहता बहुतेकांनी तो नाद सोडलेलाच बरा.

टपाला भोके पाडून कॅरिअर बसवू नये. आपल्याकडच्या पावसात ते भोक कधी ना कधी गळतेच. शिवाय अनेक नव्या गाड्यांत बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅग छताच्या कडेनेच बसवलेल्या असतात. तिथे ड्रिल चालवणारा कारागीर कितीही अनुभवी असला तरी त्याला नको म्हणावे.

सर्वांत कमी खर्चाचा पर्याय म्हणजे दोन आडव्या पट्ट्या, ज्यांना दुकानात क्रॉसबार म्हणतात. माझ्या मते दहातल्या सात-आठ जणांची गरज तेवढ्यावर भागते. दोन पट्ट्यांवर जलरोधक पिशवी किंवा सायकलचा स्टँड बसतो, संच हलका राहतो आणि सहलीवरून आल्यावर थोड्या वेळात काढून घरात ठेवता येतो. पट्ट्या चौकोनी लोखंडी असतात किंवा लंबगोल ॲल्युमिनियमच्या. चौकोनी पट्टी स्वस्त पडते, पण हमरस्त्यावर जास्त आवाज करते. लंबगोल पट्टीला वारा कमी अडतो, म्हणून ज्यांचा बहुतेक प्रवास हमरस्त्यानेच होतो त्यांनी तीच घ्यावी. जुना संच घेतानाही हरकत नाही; मात्र पाय नेमके त्याच मॉडेलच्या गाडीसाठी बनवलेले आहेत ना आणि रबरी पॅड कडक होऊन तडकलेले नाहीत ना, हे पाहून घ्यावे. पट्टी सहसा बिघडत नाही, पाय मात्र नेमका नसेल तर टपाच्या पत्र्याला पोचा पाडतो.

पट्ट्यांवर भागत नसेल तर फॅब्रिकेटरकडून, म्हणजे लोखंडाचे कापणी-जोडणीचे काम करणाऱ्याकडून, कॅरिअर करून घेणे हा दुसरा पर्याय. ठाण्यात वागळे इस्टेट आणि नवी मुंबईत रबाळे, तुर्भे, महापे या औद्योगिक पट्ट्यांत असे काम करणारे लहान कारखाने आहेत, आणि माल स्वतः घ्यायचा असेल तर कळंबोलीची पोलाद बाजारपेठ जवळच आहे. फॅब्रिकेटर बहुधा किलोच्या भावाने हिशेब करतो, त्यात कापणी, वेल्डिंग आणि रंग धरलेला आहे की नाही हे आधीच विचारावे. किलोच्या भावात एक गोमही आहे: कॅरिअर जितके जड तितके बिल मोठे, त्यामुळे ते हलके करण्याची गरज फक्त तुम्हाला असते.

त्यासाठी थोडे गणित आपण करून जावे. एक इंची, म्हणजे 25 मिलिमीटरचा चौकोनी लोखंडी पाइप 14 गेजमध्ये सुमारे 2 मिलिमीटर जाडीचा असतो आणि दर मीटरला साधारण 1.45 किलो भरतो. तोच 16 गेजमध्ये 1.6 मिलिमीटरचा आणि मीटरला सुमारे 1.2 किलोचा येतो. 140 बाय 110 सेंटिमीटरच्या कॅरिअरला बाहेरची चौकट 5 मीटर, पाच आडवे पाइप मिळून साडेपाच मीटर, वरचे कठडे 5 मीटर आणि उभे खुंट दीड मीटर, असा एकूण 17 मीटर पाइप लागतो. 14 गेजमध्ये नुसता पाइपच साडेचोवीस किलोंवर जातो. पाय, नट-बोल्ट आणि तळाची जाळी त्यात वेगळी. आता कठडे आणि खुंट काढून टाकले आणि 16 गेज घेतला, तर पाइप साडेदहा मीटर लागतो आणि त्याचे वजन साडेबारा किलोंवर येते. कठड्याशिवाय सामान पडेल ही भीती निराधार आहे, कारण सामान धरून ठेवतात ते बांधायचे पट्टे. कठडा हवाच असेल तर फक्त पुढच्या बाजूला ठेवावा.

पाइप हातात घेऊन त्याचे कापलेले टोक पाहावे आणि जमल्यास व्हर्निअरने जाडी मोजावी, कारण 16 गेज सांगून 18 गेज, म्हणजे जेमतेम 1.2 मिलिमीटरचा पाइप दिला गेला तर रंग झाल्यावर तो ओळखू येत नाही. पाय मात्र पातळ पत्र्याचे चालत नाहीत; तिथे 5 मिलिमीटरची पट्टी मागावी. पायांची संख्या चारवर न थांबता सहा ठेवावी. जोडांवर वेल्डिंग सलग असावे. पाइपाची टोके उघडी राहिली तर पावसाचे पाणी आत शिरते आणि गंज आतून पोखरत जातो, म्हणून टोके बंद करून घ्यावीत किंवा पाणी निघून जाण्यासाठी खालच्या बाजूला लहान भोक ठेवावे. आधी जस्तयुक्त प्रायमर, मग पावडर कोटिंग, हा क्रम खाडीकाठच्या दमट हवेत टिकतो. ग्राइंडर मारून लगेच काळा ऑइल पेंट फासलेले कॅरिअर एका पावसाळ्यात जोडांवर तांबूस होऊ लागते.

ॲल्युमिनियमचा पाइप त्याच मापात लोखंडाच्या जवळपास एक तृतीयांश वजनाचा असतो, पण त्याचा ताठपणाही साधारण तेवढाच कमी असतो. म्हणून तेच माप घेऊन चालत नाही, पाइप मोठ्या मापाचा घ्यावा लागतो. तरीही एकूण वजन लोखंडापेक्षा कमी राहते. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळचे ॲल्युमिनियम नरम पडते, त्यामुळे ॲल्युमिनियमचे कॅरिअर नट-बोल्टने जोडलेले असावे. कारखान्यांत यंत्रांचे सांगाडे आणि कामाची टेबले ज्यापासून बनतात, ते खाचा असलेले ॲल्युमिनियमचे प्रोफाइल यासाठी उत्तम. ते मापाने कापून मिळते, कोपरे बोल्टने जोडता येतात आणि पट्टे अडकवायला खाच आयतीच असते. हातात थोडे कसब असणाऱ्याला हे काम घरच्या घरी जमण्यासारखे आहे आणि माझी पसंती यालाच. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचे वॉशर टाकावे, नाहीतर ओलाव्यात दोन धातूंच्या संपर्काने ॲल्युमिनियम खात जाते. परदेशी कंपन्यांचे सपाट प्लॅटफॉर्म याच तत्त्वावर बनलेले असतात. ते सरस असतात यात वाद नाही, पण कमी खर्चाच्या चर्चेत त्यांना स्थान नाही.

बसवण्यापूर्वी उंचीचा हिशेब करावा. मॉलच्या आणि अनेक सोसायट्यांच्या तळघरातील पार्किंगच्या तोंडाशी 2.1 मीटरची पाटी सर्रास दिसते. स्कॉर्पिओ क्लासिकची उंची 1995 मिलिमीटर आहे; तिच्यावर 15 सेंटिमीटरचे कॅरिअर चढले की ती 2145 मिलिमीटर होते आणि आडव्या दांडीला अडते. पाच दारांची फोर्स गुरखा तर कॅरिअरशिवायच 2095 मिलिमीटर उंच आहे. जिम्नीला 1720 मिलिमीटरमुळे मोकळीक आहे. यांत्रिक पार्किंग असलेल्या सोसायटीत मजल्याची उंची स्वतः टेपने मोजावी, कार्यालयातल्या माणसाच्या तोंडी आकड्यावर विसंबू नये. उंची मोजून झाली की नवी उंची कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवावी.

बसवताना चारही कोपऱ्यांचे बोल्ट आधी सैल लावून कॅरिअर मधोमध आणावे आणि मग समोरासमोरच्या कोपऱ्यांचे आळीपाळीने आवळावे. प्रत्येक पायाखाली रबर असावे आणि नट नायलॉकचेच, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले वापरावेत, कारण साधे नट थरथरीने सुटतात. मागचे दार पूर्ण उघडून ते कॅरिअरला लागत नाही ना, अँटेना आणि सनरूफ मोकळे राहतात ना, हे पाहावे. पहिल्या 50 किलोमीटरनंतर आणि पुढे प्रत्येक खडबडीत टप्प्यानंतर बोल्ट पुन्हा तपासावेत.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. त्यामुळे गाडीला वेल्ड केलेल्यापेक्षा बोल्ट काढून उतरवता येणारे कॅरिअर केव्हाही सुरक्षित, आणि शंका असल्यास आपल्या परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्यावे. सामान गाडीच्या बाजूंच्या, पुढच्या किंवा मागच्या मर्यादेबाहेर गेले तर 2019 च्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपयांचा दंड आहे. टपावर झगझगीत दिवे लावण्याचा मोह टाळावा. विमा कंपनीला कॅरिअर बसवल्याचे लेखी कळवावे, म्हणजे दाव्याच्या वेळी त्यावरून वाद होत नाही.

सामान बांधायला रॅचेटचे, म्हणजे खटक्याने आवळायचे पट्टे वापरावेत. ताणणाऱ्या रबरी दोऱ्यांवर भार सोडू नये, त्या फक्त ताडपत्रीची कड दाबायला ठीक. पट्ट्याला एक पीळ दिला की वाऱ्यात तो गुणगुणत नाही. जड वस्तू दोन्ही चाकांच्या जोड्यांच्या मधोमध यावी आणि पिशवीची शिवण मागच्या बाजूला असावी, नाहीतर घाटातला पाऊस वेगाने थेट शिवणीत घुसतो. टपावर भार असताना वळणे सावकाश घ्यावीत आणि ब्रेक लवकर दाबावा. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी 100 ऐवजी 80 च्या वेगाने गेल्यास तो तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कमी होतो. हा फरक मायलेजमध्ये दिसतो.

सहल संपली की कॅरिअर उतरवून ठेवावे. पन्हळीत पायांखाली साचलेला चिखल पाणी धरून ठेवतो आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून उतरवल्यावर पन्हळ जुन्या टूथब्रशने साफ करून कोरडी पुसावी. रंग उडालेला दिसला तर त्याच आठवड्यात त्यावर प्रायमर लावावा. नट, वॉशर आणि रबराचे तुकडे पायानुसार वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवून पुढचा-मागचा, डावा-उजवा असे लिहावे, कारण एकाच कॅरिअरच्या पायांची मापेही बऱ्याचदा सारखी नसतात.