चित्रपट-मालिकांच्या वस्तू ऑनलाइन विकताय? आधी खोका मोजा

आवडत्या पात्रांच्या मूर्ती, मग, पोस्टर विकत असाल तर किंमत ठरवण्याआधी पॅकिंगचा खोका मोजा. बऱ्याच कुरियर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. हा आकडा आणि खरं वजन, यांत जे जास्त त्याचे पैसे लावतात. म्हणजे ४० × ३० × २५ च्या खोक्यात अर्ध्या किलोची मूर्ती घातली तरी बिल ६ किलोचं! तीच २५ × २० × २० मध्ये बसवली तर २ किलोचं. पण खोका लहान करायचा म्हणून बबल रॅप कमी करू नका. संग्राहकांना मूळ डबाही चेपलेला चालत नाही, त्यामुळे तो दुसऱ्या खोक्यात घाला आणि पत्त्याचं लेबल नेहमी बाहेरच्या खोक्यावरच लावा. पोस्टर जाड पुठ्ठ्याच्या नळीत पाठवा.